निळा झाला का?

रंगांधळ्या माणसाला भिवंडीइतकं सोयीचं गाव पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नसेल. इथे कापडाचे डोंगरच्या डोंगर विणले जातात आणि ते सगळं कापड ग्रे. लूमवरून उतरतं तसंच, मळकट दुधाच्या रंगाचं, गाठी बांधून टेम्पोत चढतं. त्याला रंग चढायचा तो पुढे दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्याला ताप देऊन. मी सुताचा दलाल. तीस वर्षं सूत बोटांत धरून, पीळ उलगडून, ओढून, तोडून मी माल पारखत आलो आणि एकदाही कुणी मला विचारलं नाही की बाबा रे, समोरचा टेम्पो लाल आहे की हिरवा? विचारलं असतं तर मेलो असतो. लाल आणि हिरवा माझ्या दृष्टीने चुलतभाऊ आहेत. फिकट गुलाबी आणि फिकट निळा तर जुळेच.

हे गुपित साऱ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि त्या माणसाशी माझं लग्न झालेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मोठ्या रुबाबात साडी आणली आणि म्हणालो, "बघ, तुला आवडतो तसा गर्द हिरवा." तिने साडी उलगडली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा साडीकडे बघितलं आणि जमिनीवर बसून हसायला लागली. साडी चॉकलेटी होती. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "हे बाहेर कुठं बोलू नका. दलालाला रंग दिसत नाही म्हटलं की लोक सूतसुद्धा दोनदा तपासतील." मी बोललो नाही. मंडळी, माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाने एक गोष्ट तीस वर्षं पोटात ठेवली, याची कुणीतरी नोंद घ्यायला हवी.

आता समुद्राकडे येतो.

आम्हाला मूलबाळ नाही. पन्नाशी आली तेव्हा घरात दोन माणसं, एक दूरदर्शन संच आणि माझी न संपणारी बडबड, एवढाच ऐवज होता. त्या सुमारास ठाण्याला एका दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढायला गेलो. तिथे बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत समुद्र होता. नुसते मासे नव्हेत. खडक, खडकावर जिवंत प्रवाळ, पाण्याच्या प्रवाहाबरोबर डुलणारी त्याची बोटं. आत दाढ निघत होती तेव्हाही माझं लक्ष बाहेरच होतं. थोडक्यात, एक दाढ गेली आणि एक समुद्र आला. चार फुटी टाकी, पंप, दिवे, खडक आणि बादलीभर खास परदेशी मीठ.

ते मीठ बघायला खारबावकडच्या गावाहून माझी आत्या आली. बादलीत हात घालून तिने मीठ चोळून बघितलं आणि म्हणाली, "क रं, आपले खाडीला काय झालाय? तुज्या आज्यानं जलमभर मिठागरान मीठ पिकवला, आन तू मीठ इकत आनतस? त्ये पन बादलीतला?"

"आत्ये, खाडीचं पाणी यांना चालत नाही."

"कना? पानी त्यांचाच हाय नं?"

मी बादली उचलून आत नेऊन ठेवली. 

पण खरी भानगड मिठाची नसते, कॅल्शियमची असते. प्रवाळ म्हणजे मऊ अंगाचा जीव, आणि तो आपलं दगडी घर स्वतः बांधतो. बांधकामाचं सामान तो पाण्यातून उचलतो. समुद्रात ते सामान संपत नाही. चार फुटी समुद्रात मात्र रोज थोडं थोडं कमी होतं आणि ते रोज आपण भरायचं. कमी पडलं तर प्रवाळ अंग आक्रसतं आणि त्याचं घर उघडं पडतं. आणि पाण्यात किती कॅल्शियम असावं? तर साधारण चारशेवीस. हा आकडा मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "दलालाच्या घरात दुसरा कुठला आकडा शोभणार?"

ते भरण्यासाठी मी एक महागडा डबा आणला. त्यावर लांबलचक जर्मन शब्द. तिने झाकण उघडलं, चिमूट बोटावर घेतली, वास घेतला.

"हा चुना आहे."

"अगं, परदेशी आहे."

"मग परदेशातला चुना आहे."

आणि खरोखर तो चुनाच होता! तिच्या माहेरी लहान मुलांना चुन्याची निवळी देत असत. तिला त्याचं सगळं तंत्र पाठ होतं. पानवाल्याचा चुना तिने हातही लावू दिला नाही, त्यात काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे. केमिकलच्या दुकानातून शुद्ध चुना आणवला, तो घट्ट झाकणाच्या बरणीत भरला. स्वच्छ पाण्यात चमचाभर ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची नितळ निवळी टाकीत सोडायची, थेंब थेंब. एकदम ओतली तर पाणी भडकतं आणि आतले जीव पोळतात. त्यासाठी मी औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणली आणि बाटली भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. आमच्या समुद्राला कायमचं सलाइन लावलेलं असायचं.

आणि दर रविवारी सकाळी मोजणी. काचेच्या नळीत थोडं टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात पूड टाकायची, पाणी गुलाबी होतं. मग पिचकारीने दुसऱ्या औषधाचे थेंब सोडायचे. एका क्षणी गुलाबीचा निळा होतो. एका थेंबाला दहा धरायचे. बेचाळीस थेंबांना रंग पालटला तर चारशेवीस. शाळेतल्या मुलालाही जमेल असं काम. फक्त मला जमणार नाही असं. म्हणून थेंब मी सोडायचो आणि ती नळी खिडकीकडे धरून बघायची.

"अजून गुलाबी. अजून. अजून. घाई करू नका. जांभळट होतंय. थांबा. झाला."

तो "झाला" ऐकायला मी आठवडाभर थांबायचो. तिने स्वतः निवडलेलं एक प्रवाळ होतं, फांद्यांच्या टोकाला तोंडं असलेलं, दिवसा फुललं की पाण्यात शेवंती हलावी तसं. आणलं तेव्हा दोन तोंडं होती. तीन वर्षांत सात झाली. पाहुणे आले की ती मासे दाखवायची नाही, तोंडं मोजून दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिने डोक्यावर टांगलेल्या सलाइनकडे बघितलं आणि मला विचारलं, "माझंपण चारशेवीसच्या खाली गेलं का हो?" मी हसलो. नर्सला वाटलं, नवरा वेडा आहे. त्यानंतर तीन दिवसांनी ती गेली.

लोक तेरा दिवस येतात. चौदाव्या दिवसापासून घरात आपण आणि पंप. मला एकटेपणाचं दुःख रडण्यासारखं नव्हतं हो, बोलण्यासारखं होतं. माझे सगळे किस्से तिने वीस-वीस वेळा ऐकलेले होते आणि तरी ती ऐकायची, मध्येच टोकायची: "मागच्या वेळी बैल होता, आता म्हैस कशी झाली?" टोकणारं माणूस गेलं की किस्सा सांगायला मजा येत नाही. बैलाची म्हैस करा, हत्ती करा, कुणाला काय? मी माशांना सांगून बघितले. मासे चांगले श्रोते नसतात, मध्येच उलट फिरतात.

आणि रविवारी नळी हातात घेऊन मी खिडकीशी उभा राहायचो. थेंब सोडायचो. पाणी मला होतं तसंच दिसायचं.

अशाच एका रविवारी भाई आले. भाई म्हणजे माझे जुने गिऱ्हाईक, गावातल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले लूमवाले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. धंदा आता त्यांचे मुलगे बघतात, पण रोज सकाळी शेडमध्ये जाऊन धागा तपासल्याशिवाय भाईंना चहा गोड लागत नाही. ते चौकशीला आले होते. मी दार उघडलं तेव्हा हातात नळी होती आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "भाई, जरा बघा ना. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. गुलाबीचा निळा झाला की सांगा."

"ह्यात काय हाय?"

"समुद्र."

"अल्ला," भाई म्हणाले. "दलाल, तू आता समुद्रपण विकतंस काय?"

पण खुर्ची ओढून बसले. मी थेंब सोडत गेलो, ते बघत गेले. "झाला," ते म्हणाले. मग चहा झाला, मग मी एक किस्सा सांगितला, मग त्यांनी एक सांगितला. पुढच्या रविवारी ते आपणहून आले.

"चष्मा आला?"

"नाही आला अजून."

तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. असा एक चष्मा वर्षभर दुरुस्तीत राहिला.

भाईंचं मोजमाप फार सुरेख होतं. पहिले काही महिने आकडा थोडा इकडेतिकडे व्हायचा. मग तो चारशेवीसवर जो बसला तो हललाच नाही. रविवारमागून रविवार, चारशेवीस! मी हुरळून गेलो. निवळी करत होतो, सलाइन लावत होतो, आकडा ठाम होता आणि साडेदहाला दाराची बेल वाजत होती. आयुष्याकडून याहून जास्त मी मागत नव्हतो.

म्हणूनच असेल, प्रवाळाचं एक तोंड बंद झालं तेव्हा मी दुर्लक्ष केलं. दुसरं बंद झालं तेव्हा मी दिव्यांना दोष दिला. तिसऱ्या तोंडाचं मांस सरकून आतला पांढरा दगड उघडा पडला, तो मात्र मला दिसला. पांढरं मला दिसतं.

टाकीचं पाणी बाटलीत भरून मी ठाण्याला, जिथून हा सगळा संसार घेतला होता त्या दुकानात गेलो. दुकानदार अबोल माणूस. मी त्याला ऐटीत सांगितलं, "कॅल्शियमचं काही नसणार. चार महिने चारशेवीसवर आहे. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. "इतकं स्थिर कुणाचंच राहत नाही, काका."

त्याने मोजलं. तीनशे दहा. पुन्हा मोजलं. तीनशे दहा. मग विचारलं, "चुना कुठे ठेवता?"

"बरणीत."

"झाकण घट्ट असतं?"

मंडळी, झाकण ती लावत असे. मी चमचा काढायचो आणि झाकण वर ठेवून द्यायचो. दमट हवेत उघड्या राहिलेल्या चुन्याचा खडू होतो, दुकानदार म्हणाला, आणि खडू पाण्यात विरघळत नाही. म्हणजे गेले कित्येक महिने मी खिळ्याला मोठ्या इमानाने साधं पाणी टांगत होतो. त्याने बजावलं: नवा चुना घ्या, पण घाई नको, रोज मोजा, दिवसाला दहा-वीसच्या वर चढू देऊ नका. एकदम चढवलं तर उरलेलंही जाईल. मग त्याने काउंटरखालून एक छोटं यंत्र काढलं. नळी आत ठेवायची, बटण दाबायचं, आकडा येतो. "रंग बघावा लागत नाही. दुसरा माणूस लागत नाही."

"नको," मी म्हणालो. इतक्या झटकन म्हणालो की तो दचकला.

परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट. चुना माझा बिघडला, ठीक. पण चारशेवीस कुठून आले?

माझ्या अंगात एक खोडकर कार्टं आहे, ते पन्नाशीतही मेलेलं नाही. पुढच्या रविवारी भाई आले तेव्हा मी नळीत टाकीचं पाणी घेतलंच नाही. आरओ फिल्टरचं पिण्याचं पाणी घेतलं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, म्हणजे पूड टाकल्याबरोबर ते निळं व्हायला हवं होतं. मला दिसत नव्हतं, पण मला ठाऊक होतं. मी थेंब सोडू लागलो. भाई नळीकडे डोळे बारीक करून बघत होते. दहा झाले. वीस झाले. "अजून गुलाबीच हाय," भाई म्हणाले. तीस. चाळीस. त्यांचे ओठ हलत होते, अगदी किंचित. बेचाळिसाव्या थेंबाला ते म्हणाले, "बस. झाला निळा."

ते थेंब मोजत होते. मागच्या रविवारी जितके, तितकेच या रविवारी. त्यांना रंग दिसतच नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. दोन्ही बुबुळांवर मोतीबिंदूचं दूध साचलं होतं.

मी नळी धुऊन ठेवली. चहा केला. ते गेले.

इथे थांबलो असतो तर मी भला माणूस ठरलो असतो. पण मला सांगा, असा किस्सा हातात आल्यावर माझ्यासारख्या माणसाने करायचं काय? घरी सांगायला कुणी नाही. सोमवारी सकाळी मार्केटमधल्या चहाच्या टपरीवर पाच-सहा दलाल जमलेले होते आणि मी तो किस्सा सांगितला. काय सांगितला! भाईंचे बारीक केलेले डोळे, हलणारे ओठ, "अजून गुलाबीच हाय," पिण्याच्या पाण्यात शोधलेला समुद्र. लोकांच्या हातातले ग्लास हिंदकळले. टपरीवाल्याने दूध उतू जाऊ दिलं. वर्षभरात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. एकाने विचारलं, "पण तुम्ही स्वतःच का नाही बघत?" मी बिनदिक्कत म्हणालो, "जवळचा चष्मा दुरुस्तीला."

भिवंडीत बातमीला टेम्पो लागत नाही. पुढच्या रविवारी साडेदहाला बेल वाजली नाही. मी दोन कप मांडले होते, एक परत आत ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारी एकच मांडला. तिसऱ्या रविवारी मीही चहा केला नाही.

नवा चुना आणला होता, पण देऊ किती? न मोजता चढवायची भीती, न चढवावा तर तोंडं मिटत चाललेली. मी अर्ध्या हिशेबाने, घाबरत घाबरत देत होतो. रोज बाटली घेऊन ठाण्याला जाता आलं असतं म्हणा. पण तो दुकानदार बोलत नाही, चिठ्ठी देतो. आता चारच तोंडं उरली होती. मग तीन.

शेवटी मी भाईंच्या शेडमध्ये गेलो. ते आत नव्हते. शेडच्या बाहेर, गाठींच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आतून लूमचा असा खडखडाट येत होता की भांडण करायचं तर दोघांनी कानाला लागून करावं लागेल.

"भाई."

"कोन? दलाल? बस. तुला दिसतंय तर खुर्ची शोध."

मी गाठीवर बसलो.

"तू हसवलंस लोकांना," ते म्हणाले. "बरा केलास. माझ्या पोरांनापन मजा आली. त्यांना ठाऊक नव्हतं माझे डोळे गेलेत. मी हाताने धागा तपासायचो, कानाने लूम ऐकायचो, कुनाला कळलं नाय. आता कळलं. बोलतात, अब्बा, मशीनजवळ येऊ नका, हात जाईल. बरोबरच बोलतात." त्यांनी उशिराने माझ्याकडे तोंड वळवलं. "आता मी इथे बसतो. बाहेर."

मला वाटत होतं की मी एका म्हाताऱ्याची थट्टा केली. खरं तर मी त्याला कामावरून काढलं होतं.

"मला बोलायचं होतंस," ते म्हणाले. "घरात. चहा पिताना."

"बोललो असतो तर तुम्ही आला नसतात."

"हां. नसतो आलो. आणि मी बोललो असतो की दिसत नाय, तर तू बोलावलं नसतंस." खुर्चीतून पुढे वाकून त्यांनी माझा चेहरा जवळून बघितला. मग त्यांनी विचारलं, "पन मला एक सांग. तुझा चष्मा तुझ्या नाकावर हाय. मला तेवढं दिसतं. तू स्वतः का नाय बघत?"

तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी त्या खडखडाटात त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितली. "मला रंग दिसत नाहीत! जन्मापासून! गुलाबी नाही, निळा नाही, लाल नाही, हिरवा नाही!"

नेमकी त्याच क्षणी वीज गेली. शेड गप्प झालं. "हिरवा नाही" हे शेवटचे शब्द गल्लीभर ऐकू गेले असावेत. एका कामगाराने दारातून डोकं बाहेर काढून बघितलं.

भाई हसले नाहीत. "म्हंजे एक आंधळा थेंब टाकत होता आनि एक आंधळा बघत होता."

"हो."

"आनि हा भाग टपरीवर सांगितलास?"

"नाही."

"का?"

"किस्सा लांबला असता," मी म्हणालो.

भाई उठले. खुर्चीची पाठ चाचपून धरली. "मग जा," ते म्हणाले. "लांबव."

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेलो आणि लांबवला. चॉकलेटी साडीपासून सुरुवात केली. उघड्या बरणीपर्यंत आणला. सगळं सांगितलं: चूक बरणीची होती, बरणी माझी होती, भाईंनी फक्त थेंब मोजले, आणि ते एका माणसाच्या घरी जायचं निमित्त टिकावं म्हणून मोजले. या वेळी हशा जास्त झाला आणि तो सगळा माझ्या वाट्याला आला. त्यानंतर दोन आठवडे मला धड चालू देईनात. कुणी रुमाल फडकवायचं: "शेठ, हा कुठला?" कुणी टोमॅटो. एका गिऱ्हाइकाने खरोखरच सुताचा शंकूसारखा कोन माझ्यासमोर धरून विचारलं, "ये सफेद है ना, पक्का?" मी म्हणालो, पक्का. त्याने तरी शेजाऱ्याला विचारून घेतलं. पहिल्या दिवाळीला ती बरोबर बोलली होती.

भाईंकडून काही निरोप आला नाही. एवढंच कानावर आलं की त्यांना मुलांनी कल्याणला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन केलं. मी भेटायला जायला निघालो आणि जिन्यातून परत फिरलो. रविवार येत होते, जात होते. मी दोन तोंडांचं प्रवाळ सांभाळत होतो.

मग एका गुरुवारी, वेळ ना काळ, बेल वाजली. भाई काळा चष्मा लावून उभे. नमस्कार नाही, चौकशी नाही. आत आले, चष्मा काढला, आणि तिथेच थबकले. वर्षभर ज्या टाकीसमोर ते बसत होते ती टाकी ते पहिल्यांदा बघत होते. वाकून, नाक काचेला लावून त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग वळून खोली बघितली. कोपऱ्यातली जळमटं, सोफ्यावरचे न घडी केलेले कपडे, ओट्यावरची एकच ताटली आणि एकच पेला. मी सोफ्यासमोर जाऊन उभा राहिलो, जणू कपडे झाकले जाणार होते.

"नळी आन," ते म्हणाले.

मी थेंब सोडू लागलो. ते उजेडाकडे धरून बघत होते.

"गुलाबी. गुलाबी. गुलाबी. जरा दम धर. जांभळा मारतोय. एक टाक. थांब."

मी थांबलो. चौतीस थेंब. तीनशे चाळीस.

"खोटा नाय," ते म्हणाले. "खरंच चौतीस. मोजले नाय, बघितले."

"रोज मोजावं लागेल," मी म्हणालो. "दिवसाला दहा-वीसच चढवायचं असतं."

"रोज?"

"दुकानदार म्हणाला तसं."

ते रोज आले. सून स्कूटरवरून खाली सोडायची, अर्ध्या तासाने न्यायची. टपरीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि मी किस्से सांगितले नाहीत. का कोण जाणे, तोंडच उघडेना. नुसतं "गुलाबी, गुलाबी, थांब." तीनशे पन्नास. तीनशे साठ. दोन दिवस आकडा तिथेच अडला. मग पुढे सरकला. दोन तोंडं टिकली. पाच गेलेल्या तोंडांच्या जागी पांढऱ्या दगडाचे पेले उरलेत, ते परत भरणार नाहीत. तिने जमवलेल्या सातांतली ती पाच होती आणि ती मी घालवली.

दहाव्या दिवशी भाईंनी नळी खिडकीकडे धरली आणि बेचाळिसाव्या थेंबाला म्हणाले, "झाला. निळा. एकदम शाळेच्या शाईसारखा." त्यांनी नळी जागेवर ठेवली, चष्मा चढवला, गुडघ्यावर हात टेकून उठले. "चला. जमलं तुझं. आता आठवड्यातून एकदा पुरे. कधी मधी येईन."

कित्येक आठवडे ज्या आकड्याची मी वाट बघितली होती तो आकडा आला होता आणि मला तो नको होता.

"भाई," मी म्हणालो, "मॅग्नेशियम बघायचं राहिलंय."

"ते काय असतं?"

"ते कमी असलं तर कॅल्शियम पाण्यात टिकत नाही. खरंच. पुस्तकात आहे."

"तेपन रंगाचंच?"

"तेपण रंगाचंच."

भाई दारात उभे राहिले. खाली सुनेने हॉर्न वाजवला. "दलाल," ते म्हणाले, "हे तू खरं बोलतंस की खोटं?"

"अर्धं अर्धं."

त्यांनी खिडकीशी जाऊन खाली हात केला, पाच मिनिटं थांब म्हणून. मग सोफ्यावरचे माझे कपडे उचलून एका बाजूला ठेवले आणि बसले.